शब्दवेध : संगणकावरील खेळांतील सभोवार ध्वनी आणि त्याच्या साधनांची निवड

१. विषयप्रवेश

आंधळी कोशिंबीर हा खेळ लहानपणी खेळला नाही असा मराठी माणूस विरळा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला गडी हात पसरून अंगणाच्या मध्यभागी उभा राहतो, भोवतालची मुले टाळ्या वाजवून पळतात, आणि तो केवळ कानांच्या आधाराने कोणाला तरी पकडतो. पकडलेला गडी कोण हे मात्र त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. दशरथ राजाच्या शब्दवेधी बाणाची कथा हेच सांगते. शरयूच्या काठी अंधारात घागर भरल्याचा आवाज त्याने ऐकला. दिशा अचूक ओळखली. पण तो हत्तीच्या पाणी पिण्याचा आवाज नव्हे, हे त्याच्या कानाला कळले नाही. रायपूरजवळील चंदखुरी हे कौसल्येचे माहेर होय, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. त्यामुळे ही कथा येथे घरोघरी ठाऊक आहे.

आज या शहरातील मुले अशीच आंधळी कोशिंबीर संगणकाच्या पडद्यासमोर बसून खेळतात. पडद्यावर समोरचे तेवढे दिसते. पाठीमागून कोण येत आहे हे फक्त पावलांच्या आवाजावरून कळते. अशा खेळांच्या स्पर्धा आता होतात. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांना पदके होती. तेव्हा आवाजाची दिशा दाखविणारी साधने कशी निवडावीत, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढे येऊ लागला आहे.

तो माझ्यापुढे आला तो पंडरी येथे. माझी बहीण कापडबाजाराच्या मागील वस्तीत राहते. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने वर्षभर पैसे साठवून, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘७.१’ असे छापलेला एक हेडफोन घेतला होता. दोन महिन्यांनी तो म्हणाला, “मामा, मागचं आणि पुढचं मला अजूनही सारखंच ऐकू येतं. आणि रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते.” पहिली तक्रार पैशांची होती; दुसरी त्याहून गंभीर होती. या दोन तक्रारींचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते या पुस्तिकेत क्रमाने मांडले आहे.

शब्दांविषयी एक खुलासा. साउंड कार्ड, ॲम्प्लिफायर, हेडफोन हे शब्द बाजारात रूढ झाले आहेत. ते तसेच ठेवले आहेत. कंप्रता, संरोध, ध्वनिक्षेपक या संज्ञा मराठी विज्ञानग्रंथांत स्थिरावलेल्या असल्याने त्याच वापरल्या आहेत, व प्रथम येतील तेथे त्यांचा अर्थ दिला आहे.

२. दोन कानांचे गणित

साधनांकडे वळण्यापूर्वी ज्याच्यासाठी ती घ्यावयाची, त्या कानाची ओळख करून घेतली पाहिजे. गणेश विसर्जनाच्या दिवशी रायपुरात धुमाल वाजू लागतो, तेव्हा घरात बसलेला माणूस खिडकीबाहेर न पाहताही मिरवणूक कोणत्या गल्लीत आहे ते सांगतो. हे कसे घडते?

आवाज उजव्या बाजूने आला तर तो उजव्या कानाशी आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी किंचित उशिरा पोचतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत हा जादा मार्ग सुमारे २२ सेंटिमीटर असतो. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत ध्वनी दर सेकंदाला ३४३ मीटर जातो; म्हणून दोन कानांमधील कालांतर जास्तीत जास्त ०.६४ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग भरते. रायपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५८ मीटरपर्यंत वाढतो व हे कालांतर थोडे घटते. मेंदूला त्याची अडचण वाटत नाही. अनुकूल परिस्थितीत तर मनुष्याला सेकंदाच्या लक्षांश भागाएवढे कालांतरही जाणवते. त्यामुळेच अगदी समोरून येणाऱ्या आवाजाची दिशा आपण एकदोन अंशांच्या चुकीने सांगू शकतो.

दुसरी खूण आवाजाच्या जोराची. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता; ती हर्ट्झमध्ये मोजतात. कंप्रता जास्त असेल तर तरंगाची लांबी कमी असते, आणि डोके त्या तरंगाला आडवे येऊन पलीकडच्या कानावर छाया पाडते. अतिशय तीक्ष्ण स्वरांच्या बाबतीत ही छाया २० डेसिबेलपर्यंत असते. खर्जाच्या स्वराला मात्र डोक्याची अडचण होत नाही. १०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते व तो डोक्याला सहज वळसा घालतो. सुमारे १,५०० हर्ट्झच्या खाली मेंदू मुख्यतः कालांतरावर विसंबतो आणि वर जोराच्या फरकावर, हा सिद्धान्त इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला. ढोबळ मानाने तो आजही मान्य आहे.

परंतु येथे एक अडचण उरते. नाकासमोरून आलेला आवाज आणि बरोबर पाठीमागून आलेला आवाज, दोन्ही दोन्ही कानांशी एकाच वेळी व सारख्याच जोराने पोचतात. मग पुढचा कोणता व मागचा कोणता हे कसे ओळखावे? यासाठी निसर्गाने दोन युक्त्या योजल्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे बाह्यकर्णाच्या वळ्या. त्या वळ्यांवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो व काही कंप्रतांना उठाव देतो, काहींना दाबतो. समोरून, मागून, वरून येणाऱ्या आवाजावर या वळ्यांचा ठसा निरनिराळा उमटतो, आणि तो ओळखण्यास मेंदू बालपणापासून शिकलेला असतो. दुसरी युक्ती म्हणजे मान वळविणे. मान उजवीकडे वळविली असता समोरचा आवाज डाव्या कानाला जवळ होतो, मागचा उजव्या कानाला. संशय तत्काळ फिटतो.

हेडफोन घातल्यावर या दोन्ही युक्त्या निकामी होतात. मान वळविली तरी हेडफोन मानेबरोबरच वळतो. आणि आवाज कानाच्या अगदी जवळून, एकाच बाजूने येत असल्याने वळ्यांचा ठसा दिशेप्रमाणे बदलत नाही. माझ्या भाच्याच्या पहिल्या तक्रारीचे मूळ येथे आहे. त्याचे कान निर्दोष होते, आणि हेडफोनही मोडलेला नव्हता. पुढचे व मागचे ओळखण्यासाठी लागणारी खूणच त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हती.

३. सभोवार ध्वनीचा थोडक्यात इतिहास

ती खूण कृत्रिम रीतीने निर्माण करता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन वाहिन्यांच्या ध्वनिलेखनाच्या एकस्वासाठी अर्ज केला; आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याचा तो पाया होय. १९४० साली वॉल्ट डिझ्नीच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी अनेक ध्वनिक्षेपकांची मांडणी काही चित्रपटगृहांत करण्यात आली. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर व स्टीरिओ ध्वनीसह आला, तेव्हा आवाज पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना ऐकण्याचा अनुभव असंख्य प्रेक्षकांनी प्रथमच घेतला.

घरगुती संगणकाला सुरुवातीस केवळ टिक्‌टिक् करता येत असे. संगीत व बोलणे ऐकू यावे म्हणून त्यात वेगळा फलक बसवावा लागे. तोच साउंड कार्ड. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ साली बाजारात आले आणि ते नाव घरोघरी झाले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऑरियल या कंपनीच्या कार्डांनी बाह्यकर्णाचा ठसा गणिताने काढून, साध्या हेडफोनमध्येही मागचा आवाज मागे ऐकविण्यास प्रारंभ केला. त्या काळी हे गणित करणे संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाला जड जाई, म्हणून ते कार्डावरील स्वतंत्र मंडलाकडे सोपविलेले असे. चांगले कार्ड नसेल तर चांगली दिशाही नसे.

हे चित्र २००७ च्या सुमारास पालटले. त्या वर्षी सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टा या कार्यप्रणालीने कार्डाला थेट काम देण्याची जुनी वाट बंद केली. शिवाय प्रक्रियक इतके वेगवान झाले होते की ध्वनीचे गणित त्यांना सहज झेपू लागले. तेव्हापासून दिशेची आकडेमोड मुख्यतः खेळाच्या आज्ञावलीत अथवा कार्यप्रणालीत होते. काउंटर-स्ट्राइक या प्रसिद्ध खेळात अशी सोय २०१६ साली आली; विंडोजमध्ये ‘विंडोज सॉनिक’ या नावाची विनामूल्य सोय २०१७ पासून आहे.

खरेदीच्या दृष्टीने या इतिहासाचे तात्पर्य महत्त्वाचे आहे. दिशा ही आता साउंड कार्डात विकत मिळणारी वस्तू राहिलेली नाही. खोक्यावरील ‘७.१’ या आकड्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की सोबत एक आज्ञावली दिलेली आहे. काही हेडफोनांत प्रत्येक कानापाशी तीनचार छोटे ध्वनिक्षेपक बसविलेले असतात. पण ते सर्व कानापासून काही सेंटिमीटरांवर असल्यामुळे खऱ्या खोलीतील अंतर व कोन त्यांना साधत नाहीत, आणि जागेअभावी प्रत्येकाचा आकार लहान ठेवावा लागल्याने आवाजाचा दर्जाही उतरतो.

येथे एक सामान्य चूक सांगितली पाहिजे. खेळाच्या आज्ञावलीने दिशेचा ठसा एकदा उमटविलेला असताना कार्यप्रणालीतील अथवा हेडफोनसोबतची तशीच सोय चालू ठेवली, तर ठशावर ठसा बसतो. कापडावर एकच ठसा दोनदा, किंचित सरकवून मारला तर नक्षी फिसकटते, तसेच हे. नियम असा : खेळात हेडफोनसाठी स्वतंत्र दिशासोय असेल तर ती चालू ठेवून बाकीच्या सर्व बंद कराव्यात व कार्यप्रणालीत साधा स्टीरिओ ठेवावा. खेळात ती नसेल तर खेळाला ७.१ वाहिन्यांचा ध्वनी देण्यास सांगून कार्यप्रणालीतील एकच सोय चालू करावी. भाच्याच्या संगणकावर अशा तीन सोयी एकाच वेळी चालू होत्या. त्यांपैकी दोन बंद करताच त्याला मागची पावले मागे ऐकू येऊ लागली. खर्च काही आला नाही.

४. साउंड कार्ड : केव्हा हवे, केव्हा नको

मग साउंड कार्डाचे काम काय उरले? संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचे विद्युत् दाबाच्या चढउतारांत रूपांतर करणे हे ते काम. खेळांत दर सेकंदाला बहुधा ४८,००० नमुने घेतलेले असतात. मनुष्याचा कान २०,००० हर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही, आणि एखाद्या कंप्रतेची हुबेहूब नोंद होण्यास तिच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात. तेव्हा ४८,००० हा आकडा पुरेसा आहे. ९६,००० किंवा १,९२,००० नमुन्यांची जाहिरात खेळणाऱ्याला काही अधिक देत नाही. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असल्यास सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आवाजांत ९६ डेसिबेलचे अंतर राखता येते; कोणत्याही राहत्या खोलीत याहून अधिक अंतर उपयोगी पडत नाही.

आजच्या बहुतेक संगणकांच्या मुख्य फलकावर हे रूपांतर करणारे मंडल असतेच, व ते पुष्कळदा समाधानकारक असते. वेगळे कार्ड घेण्याचे खरे कारण एकच : गोंगाट. संगणकाच्या पोटात वेगाने चालणारी विद्युत् मंडले असतात; त्यांची कुजबुज ध्वनीच्या तारेत शिरली तर हेडफोनमध्ये बारीक सूं-सूं किंवा चर्रचर्र ऐकू येते. हलक्या पावलांचा आवाज या सूं-सूंखाली बुडतो.

हे तपासण्याची रीत सोपी आहे. खेळ बंद करून, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवून, शांत खोलीत हेडफोन कानाला लावावा. काही ऐकू न आल्यास कार्डावर पैसे घालू नयेत. सूं-सूं ऐकू आल्यास हेडफोन संगणकाच्या पुढच्या छिद्रातून काढून मागच्या छिद्रात लावून पाहावा. पुढच्या छिद्रापर्यंत जाणारी लांब तार पुष्कळदा गोंगाट गोळा करते. मांडीवरच्या संगणकाचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबत असेल, तर दोष विद्युत् पुरवठ्याचा किंवा भूसंपर्काचा असू शकतो. तीन काट्यांच्या खटक्यातील अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे काय, हे जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. एवढे करूनही गोंगाट उरला, तर यूएसबी छिद्रात लावावयाचे लहानसे बाह्य साउंड कार्ड घ्यावे. ते संगणकाच्या पोटातील गोंगाटापासून दूर असते व दुसऱ्या संगणकालाही लावता येते.

बिनतारी साधनांविषयी दोन शब्द. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचण्यास पुष्कळदा १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. २०० मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून जवळजवळ ६९ मीटर जातो. म्हणजे शेजारी वाजलेले पाऊल पंडरीच्या बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखे उशिरा पोचते. गाण्यासाठी हे चालेल, खेळासाठी नव्हे. स्वतःचे वेगळे प्रेषक बोंडुक असलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या हेडफोनांत हा उशीर पुष्कळच कमी असतो. तारेचा हेडफोन मात्र स्वस्तही असतो व निर्दोषही.

५. ॲम्प्लिफायर : संरोध आणि बेरीज-वजाबाकी

ॲम्प्लिफायर म्हणजे क्षीण विद्युत् संकेताला बळ देणारे मंडल. प्रत्येक साउंड कार्डात लहानसा ॲम्प्लिफायर असतोच. तो पुरेसा आहे की नाही, हे हेडफोनच्या दोन आकड्यांवरून ठरते : संरोध व संवेदिता. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा एकंदर विरोध म्हणजे संरोध. तो ओहममध्ये मोजतात. एक मिलिवॉट शक्ती दिल्यावर हेडफोन किती डेसिबेल आवाज काढतो, ती त्याची संवेदिता. शक्ती दहापट केली की आवाज १० डेसिबेलने वाढतो, दुप्पट केली की ३ डेसिबेलने.

दोन उदाहरणे घेऊ. क्षणिक स्फोटाच्या आवाजासाठी ११० डेसिबेल ही कमाल मर्यादा धरू.

(अ) संरोध ३२ ओहम, संवेदिता १०० डेसिबेल. आणखी १० डेसिबेल हवेत, म्हणून १० मिलिवॉट शक्ती लागेल. त्यासाठी दाब हवा सुमारे ०.५७ व्होल्ट. साध्या संगणकाच्या छिद्रातून एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तेव्हा वेगळा ॲम्प्लिफायर निरर्थक.

(आ) संरोध २५० ओहम, संवेदिता ९६ डेसिबेल. आणखी १४ डेसिबेल हवेत, म्हणून सुमारे २५ मिलिवॉट. दाब हवा २.५ व्होल्ट. एक व्होल्टवर याला केवळ ४ मिलिवॉट मिळतील व आवाज १०२ डेसिबेलवर थांबेल. येथे ॲम्प्लिफायर उपयोगी.

याचा अर्थ असा नव्हे की २५० ओहमचा हेडफोन श्रेष्ठ. तो ध्वनिमुद्रण-कक्षातील उपकरणांसाठी सोयीचा असतो. विद्यार्थ्याने १६ ते ८० ओहम संरोधाचा व चांगल्या संवेदितेचा हेडफोन घेतला, तर ॲम्प्लिफायरचा प्रश्नच पडत नाही.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. ॲम्प्लिफायरला स्वतःचाही संरोध असतो, आणि हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. समजा, मध्यम स्वरांना तो ३२ ओहम व खर्जाला ८० ओहम आहे. ॲम्प्लिफायरचा संरोध ३० ओहम असेल, तर मध्यम स्वरांना एकूण दाबाचा ५२ टक्के वाटा मिळतो आणि खर्जाला ७३ टक्के. म्हणजे खर्ज ३ डेसिबेलने फुगतो व पावलांचा बारीक आवाज त्याखाली झाकोळतो. तोच संरोध २ ओहम असेल तर हा फरक ०.३ डेसिबेल, म्हणजे नगण्य राहतो. यास्तव ॲम्प्लिफायरचा संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, असा व्यवहारातील नियम आहे.

६. हेडफोन

एकंदर दहा रुपये खर्चावयाचे असतील तर त्यांतील सातआठ हेडफोनवर खर्चावेत, असे माझे मत आहे. कारण विजेचे ध्वनीत रूपांतर येथेच होते व बहुतेक दोषही येथेच उत्पन्न होतात. हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. एकाची पाठ जाळीदार, उघडी असते, दुसऱ्याची बंद. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज मोकळा येतो, डोक्याच्या आत न वाजता बाहेर वाजल्यासारखा भासतो. दिशा ओळखण्यास हा भास उपकारक होतो. परंतु त्यातून खोलीतील आवाज आत येतो व आतला बाहेर जातो. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवितो. मात्र त्यात कान लवकर तापतात.

सर्व पुस्तके उघड्या पाठीची स्तुती करतात. ती शांत, थंड घरांत लिहिली गेली असावीत! पंडरीच्या ज्या खोलीत माझा भाचा खेळतो, तेथे मार्च ते जून या काळात डोक्याशी कूलर घोंघावत असतो. अशा कूलरजवळ आवाजाची पातळी ६० डेसिबेलपर्यंत सहज जाते. आता हिशेब करू. खेळातील हलकी पावले बंदुकीच्या आवाजाहून ३५ डेसिबेलने कमी आहेत असे समजू. पावले कूलरच्या गोंगाटाच्या बरोबरीने तरी ऐकू यावयाची, तर ती ६० डेसिबेलवर आणावी लागतील. म्हणजे बंदूक ९५ डेसिबेलवर वाजेल. मुलगा आवाज वाढवीत होता तो बंदुकीसाठी नव्हे, पावलांसाठी. आणि त्या पावलांची किंमत त्याचे कान बंदुकीच्या रूपाने मोजत होते. दुसऱ्या तक्रारीचे, कानातील शिट्टीचे, मूळ बहुधा हेच असावे.

उपायही यातूनच निघतो. कूलर दुसऱ्या खिडकीत हलविला किंवा बंद पाठीच्या हेडफोनने गोंगाट १० डेसिबेलने अडविला, तर सर्वच आवाज १० डेसिबेलने खाली आणता येतात. बंदूक ९५ वरून ८५ वर येते आणि पावले पूर्वीइतकीच स्पष्ट राहतात. कार्यप्रणालीत मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करणारी सोय असते. तिचाही उपयोग करावा. सारांश, आमच्याकडे उन्हाळ्यात बंद पाठ बरी. हिवाळ्याच्या शांत रात्री खेळणाऱ्यास उघडी पाठ बरी.

दुकानात परीक्षा कशी करावी? पंडरीच्या कापडबाजारात जाणता गिऱ्हाईक ठाण उजेडात धरतो, दोन बोटांत चोळतो, उलटी बाजू पाहतो. छापील चिठ्ठीवर विसंबत नाही. तोच रिवाज येथे ठेवावा. आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तबल्याची थाप व चाटीवरचा बोल वेगळे कळतात काय, गाणारा दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये उभा वाटतो काय, हे पाहावे. मध्ये वाटत नसेल तर दोन्ही बाजू जुळलेल्या नाहीत असे समजावे, व अशा हेडफोनकडून दिशेची अपेक्षा करू नये. हेडफोन दहा मिनिटे डोक्यावर ठेवून कानशिलांवर दाब येतो काय ते पाहावे. गाद्या व तार बदलून मिळतात काय, हे विचारावे. कारण घामाने गाद्या आणि ओढाताणीने तार सर्वांआधी निकामी होतात.

७. खोलीतील ध्वनिक्षेपक

ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांनी हेडफोनऐवजी पाच किंवा सात ध्वनिक्षेपकांची मांडणी करावी काय? येथे कानाच्या दोन्ही नैसर्गिक युक्त्या काम देतात, हा मोठा लाभ होय. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे पाच वाहिन्यांच्या मांडणीत एक ध्वनिक्षेपक बरोबर समोर, दोन समोर डावी-उजवीकडे ३० अंशांवर, आणि दोन बाजूंना किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर असावेत. परंतु उघड्या भिंती व फरशी यांवरून उठणारा प्रतिध्वनी दिशा पुसून टाकतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे यांनी तो कमी होतो. संगणक व ॲम्प्लिफायर प्रकाशतंतूच्या तारेने जोडावयाचे असतील तर हे ध्यानात ठेवावे की त्या तारेतून असंक्षेपित रूपात दोनच वाहिन्या जातात. पाच पाठवावयाच्या तर ध्वनी खेळतानाच संक्षेपित करणारी सोय कार्डात असावी लागते. एचडीएमआय तारेला ही मर्यादा नाही. शिवाय शेजारधर्म आहे : ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे.

८. कानाची मर्यादा

अंतर्कर्णात ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या सूक्ष्म केसपेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार असतात. मनुष्यात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कामगारांसाठीच्या एका प्रचलित मापदंडानुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसात ८ तास सोसवतो आणि दर ३ डेसिबेलच्या वाढीला हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने ९५ डेसिबेलला पाऊण तासच उरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अधिक सावध आहे : प्रौढांनी आठवड्यात ४० तास ८० डेसिबेल, मुलांनी ७५ डेसिबेल. याच संघटनेने २०२५ साली संगणकीय खेळांतील सुरक्षित श्रवणासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजणे किंवा आवाज दबल्यासारखा वाटणे ही कानाची धोक्याची घंटा होय. ती एकदोन दिवसांत थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. भाच्यालाही तेथे नेले. तपासणीत ऐकणे शाबूत निघाले, आणि आवाज उतरविल्यावर काही आठवड्यांनी शिट्टीही थांबली. प्रत्येकाचे दैव इतके अनुकूल असेलच असे नाही.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनाचा सारांश असा :

१. प्रथम बिनखर्चाचे उपाय करावेत : दिशेची एकच सोय चालू ठेवावी, मागचे छिद्र वापरावे, खोलीतील गोंगाट घटवावा.

२. मग हेडफोन घ्यावा : तारेचा, कमी संरोधाचा, खोलीनुसार उघडा किंवा बंद, साध्या दोन वाहिन्यांचा.

३. सूं-सूं ऐकू येत असेल तरच यूएसबी साउंड कार्ड.

४. हिशेबाने दाब कमी पडत असेल तरच ॲम्प्लिफायर.

५. ध्वनिक्षेपकांची मांडणी सर्वांत शेवटी.

भाच्याने जुना हेडफोन विकला नाही. वरील पहिल्या ओळीतील उपायांनीच त्याचे काम भागले. उरलेल्या पैशांचे काय करावे हे त्याचे त्याने ठरवावे.

स्वाध्याय व प्रयोग

१. एका मुलाला डोळे बांधून खुर्चीवर बसवा. दुसऱ्याने भोवतालच्या आठ दिशांना, सारख्या अंतरावर, किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. मान न हलविता सांगितलेल्या दिशांची नोंद ठेवा. पुढच्या-मागच्या चुका किती झाल्या ते मोजा.

२. हाच प्रयोग मान हलविण्याची मुभा देऊन, आणि नंतर कानांवर उपरणे बांधून करा. फरकाची कारणे लिहा.

३. एका हेडफोनचा संरोध ६४ ओहम व संवेदिता ९८ डेसिबेल आहे. १०८ डेसिबेलसाठी किती शक्ती व किती दाब लागेल? वेगळा ॲम्प्लिफायर हवा काय?

४. आपल्या घरातील खेळण्याच्या अथवा अभ्यासाच्या जागी कोणकोणते आवाज सतत चालू असतात, त्यांची यादी करा. त्यांपैकी कोणता पैसे न खर्चिता कमी करता येईल?